सात नंबरचं मशीन

गाडी गेली.
आता उरलं ते काम, ज्याचे पैसे
कोणी विचारत नाही, मी लावतही नाही.

अकरा टॉवेल, चार पॅड.
सीलंटने जड, अजून ओलसर.
उद्यावर टाकून चालत नाही,
रात्रीत ते धाग्याधाग्यात धरतं, कडक होतं,
आणि पुढच्या कुणाच्या काळ्या बॉनेटवर
उन्हात धरलं की कोळ्याचं जाळं दिसतं.
बिघडलेला टॉवेल हातालाही कळत नाही.
तो मऊच लागतो.

पॅड आधी.
कोमट पाणी, चमचाभर साबण,
अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्यायचं,
पिळायचं नाही. पिळलं की फोम मागच्या पट्टीतून सुटतो.
(हे ओडेलने शिकवलं, म्हणजे माझ्या हातून
त्याचे तीन पॅड फाटू दिले, बोलला काहीच नाही.)
पहिलं पाणी दुधासारखं,
दुसरं ताकासारखं,
तिसऱ्यात नुसता संशय.
मग पॉलिशर बादलीत उलटा धरून गर्रकन फिरवायचा:
आतल्या भिंतीवर सडा,
थोडा माझ्या चष्म्यावर.

आजची गाडी ड्वेन सोबचाकची.
हिवाळाभर तो शहराचा बर्फाचा ट्रक चालवतो.
लेक ईरीवरून ढग सरकले की रात्री दोनला निघतो
आणि पीच स्ट्रीटपासून बंदरापर्यंत
मीठ पेरत जातो.
ऑक्टोबर लागला की स्वतःची जुनी ब्यूक घेऊन
दारात उभा:
"कोरीन, मिठापासून वाचव हिला."
मी हसत नाही. तोही नाही.
मी चाकांच्या कमानींत हात घालते,
जिथे गेल्या वर्षीचं त्याचंच मीठ
तांबूस होऊन बसलेलं असतं.

सव्वानऊला लाँड्रोमॅट.
दारावर पाटी: गॅरेजची फडकी आणू नयेत.
पाटीखाली इर्मा, शब्दकोडं मांडीवर.
वर न बघता म्हणते, "सात."
सात नंबरचं पाणी कोमटाच्या पुढे जात नाही,
म्हणून लोक त्याला टाळतात, पैसे परत मागतात.
मला नेमकं तेवढंच लागतं.
सुती मोजा आत चुकून राहिलाय का, हात घालून बघते.
एक मोजा, आणि त्याचा सगळा कापूस
माझ्या अकरांच्या अंगावर.

मागच्या हिवाळ्यात एकदा
मी बाहेर सिगारेट ओढत असताना
इर्माने मायेने झाकणभर सॉफ्टनर ओतलं.
काय वास! लव्हेंडर.
टॉवेल लोण्यासारखे.
आणि दुसऱ्या दिवशी काचेवरचं पाणी
इकडून तिकडे ढकलत राहिले,
एक थेंब प्यायले नाहीत.
नऊच्या नऊ गेले.
मी तिला सांगितलं नाही.
कशावरून ओळखलं देव जाणे,
पुढच्या मंगळवारी सातवर चिठ्ठी होती,
तिच्या तिरक्या अक्षरात:
यात सुवासिक काही घालू नये.

पाणी फिरतंय.
बाहेर गारठ्यासोबत बारीक पाऊस सुरू झालाय.
ड्वेनच्या बॉनेटवर आत्ता तो ठरत नसेल,
मणी होऊन घरंगळत असेल.
दिवसभर मी ते शिकवलं त्या पत्र्याला:
काहीही आत घेऊ नकोस.
आणि इथे काचेआड हे अकरा,
ज्यांनी शिकवलं, त्यांच्या अंगातून
तीच शिकवण धुऊन काढतेय.

ड्रायर कमी आचेवर. वीस मिनिटं.
मी मोजत घडी घालत असताना
इर्माचा कोपर लागला,
कॉफी शब्दकोड्यावर, टेबलावर, तिच्या मांडीवर.
माझा हात आधी पोचला, विचार मागून.
निळा टॉवेल पसरला.
त्याने ओठ लावावे तसे
सगळी कॉफी ओढून घेतली,
शाईसकट, आडवा शब्द सतरासकट.

"अगं, हा तर तुझा चांगलातला," ती म्हणाली.

अकरा आणले होते.
दहा घेऊन निघाले.